बालरथ येत नाही त्या सकाळी

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. पंधरा-वीस शब्द बोलतो, बाकी काही हवं असलं की हात धरून नेतो. मुलगी १३ वर्षांची. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते. घरी सासूबाई आहेत. शाळा असते तेव्हा आमचं बरं चालतं. मे लागला आणि सगळं बिनसलं. मुलगा रोज सकाळी सव्वासातला स्वतः गणवेश घालतो, दप्तर पाठीला लावतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. बालरथ, म्हणजे शाळेची बस, काही येत नाही. आठ वाजले की कपाळ फाटकावर आपटायला लागतो. सासूबाई म्हणतात, "ताका कितें कळटा, आत घेऊन कडी लाव." दुपारी मोबाइल दिला की गप्प बसतो, काढून घेतला की आकांत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपत नाही.

परवा मुलगी म्हणाली, "आई, मला सुट्टी नकोच. शाळा असते तेव्हा निदान संध्याकाळी तू माझ्याशी बोलतेस." मला काही उत्तर सुचलं नाही. या महिन्यात सावंतवाडीला भाच्याची मुंज आहे, तिथे याला न्यावं की नाही तेही कळत नाही. सगळ्या आया सुट्टीची वाट बघतात, मी कॅलेंडरवर ती संपायचे दिवस मोजते. मी वाईट आई आहे का?

– डिचोलीहून एक आई

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही वाईट आई नाही. शाळा चालू असते तेव्हा तुमच्या मुलाला दिवसभरात बाई सांभाळतात, मदतनीस सांभाळते, बालरथाचा ड्रायव्हर सांभाळतो, वर्गातली दोन मुलंही सांभाळत असतील. मे महिन्यात ही सगळी माणसं एकाच दिवशी निघून जातात आणि त्या सगळ्यांचं काम एका बाईच्या अंगावर येतं. ती दिवस मोजणारच. मोजा. मोजण्याचा आपण उपयोगही करून घेऊ.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्या फाटकाशी थांबले. सगळं बिनसलं, असं तुम्ही लिहिलंय. मला त्या चित्रात बिनसलेलं काही दिसत नाही. नऊ वर्षांचा मुलगा, घड्याळ न बघता बरोबर सव्वासातला, कुणी न सांगता गणवेश घालतो, दप्तर घेतो आणि ठरल्या जागी जाऊन उभा राहतो. वर्षभर तुम्ही आणि शाळेने जे शिकवलं ते तो तंतोतंत करतोय. कबूल केलेलं न पाळणारा बालरथ आहे, तो नाही. त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलेलंच नाही की आता महिनाभर गाडी येणार नाही.

तुम्ही सांगितलं असेल, दहादा सांगितलं असेल. पण "उद्या शाळा नाही" या वाक्यातला ओळखीचा शब्द कुठला? शाळा. अशी कितीतरी मुलं ओळखीचा शब्द पकडतात आणि पाठचा "नाही" निसटून जातो. तुम्ही "शाळा" म्हणालात, तो गणवेश काढायला गेला. "सुट्टी" तर डोळ्यांना दिसतच नाही, तिला हात लावता येत नाही. म्हणून ती दाखवायला लागते.

बालरथाचा एक फोटो काढा किंवा कुणाकडून मागवा. तुमच्या घराचा, समोरून, एक फोटो काढा. झेरॉक्सच्या दुकानात छोटे छोटे छापून घ्या. मोठ्या कागदावर कॅलेंडरसारखी घरं आखा, आजपासून शाळा उघडायच्या दिवसापर्यंत. सुट्टीच्या प्रत्येक घरात घराचा फोटो, आणि शाळा उघडायच्या दिवसाच्या घरात बालरथ. कागद त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. रोज रात्री झोपायच्या आधी त्याच्या हाताने त्या दिवसावर फुली मारायची. तुम्ही जे दिवस चोरून मोजताय, ते दोघांनी मिळून उघडपणे मोजा. त्यालाही शाळा उघडायला हवीच आहे. या बाबतीत तुमचं दोघांचं मत एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का?

आता सकाळ. गणवेश लपवू नका, दप्तर माळ्यावर टाकू नका. सव्वासातला तुम्हीही चपला घाला आणि त्याच्या आधी फाटकाबाहेर उभ्या राहा. दप्तरासकट त्याला घेऊन चालत पाव आणायला जा. पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येत असेल तर त्याला सांगा, महिनाभर पुढच्या वळणावर थांब, आम्ही तिथे येतो. पाव दप्तरात भरायचे, घरी यायचं, पाव काढून ठेवायचे, दप्तर खुंटीला, गणवेश उतरवून घरचे कपडे. म्हणजे तीच वेळ, तेच फाटक, पाठीवर तेच ओझं, आणि वाट बघण्याऐवजी चालणं. पहिले तीन-चार दिवस तो तरीही मागे वळून रस्त्याकडे बघेल, रडेलसुद्धा. बघू द्या. आठवड्याभरात "पाव" हा त्या वेळेचा अर्थ होतो, असं मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिलंय. कोणाला आठवडा लागतो, कोणाला दोन.

कपाळ आपटणं सुरू झालंच, तर त्या क्षणी समजावू नका. ते हट्टाचं रडणं नसतं, भांडं भरून वाहिलेलं असतं. शब्द कमी करा, आवाज खाली आणा, बघणाऱ्यांना आत पाठवा, कपाळ आणि लोखंड यांच्यामध्ये उशी नाहीतर तुमचा तळहात घाला, आणि थांबा. कडी लावून कोंडू मात्र नका. नंतर वहीत दोन ओळी लिहून ठेवा: त्याआधी काय झालं होतं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. आठ दिवसांच्या अशा नोंदी बालरोगतज्ज्ञांना किंवा थेरपिस्टना फार उपयोगी पडतात. आणि एक सांगते. आपटणं फाटकापुरतंच आहे तोवर त्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. ते दुपारी, जेवताना, रात्री, कुठेही व्हायला लागलं, तर दात, कान आणि पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो मुलगा ते कपाळानेच सांगतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडून पोट साफ न होणं ही तर नेहमीची गोष्ट, आणि किती घरांत "वागणूक बिघडली" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

मी पंचवीस वर्षं विशेष मुलांना शिकवलं. सुरुवातीला सुट्टी लागताना पालकांच्या हाती भरगच्च तक्ते द्यायचे: नऊला मणी ओवणे, साडेनऊला चित्र, दहाला उच्चार. जूनमध्ये आया चेहरा पाडून परत यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, चार दिवसांवर नाही झालं." चूक त्यांची नव्हती. घरात शाळा भरवता येत नाही, भरवूही नये. दिवसाला चार खुंट्या पुरतात. सकाळचा पाव ही एक. उन्हं चढायच्या आत हाताचं एक काम ही दुसरी. दुपारची आंघोळ तिसरी, संध्याकाळचं बाहेर पडणं चौथी. या चार रोज त्याच क्रमाने यायला हव्यात, घड्याळ मागेपुढे झालं तरी चालेल. मधला वेळ मोकळा राहू द्या. तो वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्याकडे अर्धा तास बघत बसला तर तो त्याचा अर्धा तास आहे.

हाताच्या कामासाठी आपल्या गोव्यात मेसारखा महिना नाही. बाहेरच्या शिबिरांच्या फिया भरण्याआधी घरातलं पुरुमेंत बघा. पावसाळ्याची बेगमी करताना जी कामं निघतात ती अशा मुलांसाठी मुद्दाम बेतल्यासारखी असतात. भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं घ्या. फोडलेल्या भिरंडातला गर वेगळा करायचा, साली सुपात मांडायच्या, उन्हात ठेवायच्या, संध्याकाळी आत आणायच्या, रसात बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. तेच काम, रोज, पाच-सहा दिवस, आणि शेवटी बरणीत दिसेल असं काहीतरी. सुरुवात कळते, शेवट कळतो, मधलं बदलत नाही. बोटं लाल होतात ते काही मुलांना फार आवडतं, काहींना मुळीच सोसत नाही. सोसत नसेल तर त्याला ओलं काम देऊ नका, सुक्या मिरच्यांची देठं तर अजिबात नको, तो हात डोळ्याला लावेल. दुसरी कामंही आहेत: चिंचोके वेगळे करणं, फणसाच्या आठळ्या धुऊन मोजणं, झाडांना बादलीने पाणी घालणं. भरलेली बादली उचलून नेण्यासारखं वजनाचं काम संध्याकाळी झालं तर रात्रीच्या झोपेलाही त्याची मदत होते.

आणि हे काम त्याला तुम्ही शिकवू नका. सासूबाईंना शिकवू द्या. "ताका कितें कळटा" म्हणणाऱ्या आजीला मी दोष देत नाही. त्याला काय कळतं हे तिला दिसेल अशी जागाच आजवर कुणी दिली नाही. सोलं तिचा प्रांत आहे. सूप तिच्या पुढ्यात, नातू शेजारी, आणि तुम्ही अर्धा तास तिथून उठून जा.

मोबाइल काढून घेऊ नका, त्याला जागा ठरवून द्या. दुपारच्या आंघोळीनंतर, तेवढ्यापुरता. संपवायची वेळ तुमच्या तोंडून नको, गजर लावा, आणि गजर झाला की पुढच्या गोष्टीचा फोटो हातात द्या. रडणं थांबवायला म्हणून मात्र फोन कधीच देऊ नका, कारण मग फोन मिळवायचा रस्ता रडण्यातून जातो हे तो एका दिवसात शिकेल. शिकण्यात तो हुशार आहे, फाटकाशी आपण ते पाहिलंच.

संध्याकाळी लांब जायची गरज नाही, पण आठवड्यातून एकदा जमलं तर मयेवरून चोडणला जा आणि फेरीबोटीने रायबंदरला जाऊन परत या. इंजिनाची एकसारखी घरघर, पाण्याची पट्टी पुढे सरकणं, फळी खाली पडणं, पुन्हा तेच उलटं. कर्कश आवाजाचा त्रास असेल तर कानावर हेडफोन चढवा.

पाण्यावरून एक गोष्ट, आणि ही मी काळजीने लिहितेय. अशा कितीतरी मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची कल्पना नसते. तुमच्या भागात दारातल्या विहिरी आहेत, नदी आहे, तळ्या आहेत, खाणींचे पाणी भरलेले खंदक आहेत. शाळेच्या दिवसात तो कुणाच्या ना कुणाच्या नजरेत असतो. सुट्टीत घरात दहा माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं की तो दुसऱ्याजवळ आहे. फाटकाला त्याच्या हाताच्या वर एक कडी बसवा. विहिरीला जाळी नसेल तर याच आठवड्यात घाला. शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा फोन नंबर शिवून ठेवा. वाड्यावरच्या चार घरांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर विचारत बसू नका, हात धरा आणि मला फोन करा. आणि तो कधी दिसेनासा झालाच, तर घरात, माळ्यावर शोधत बसू नका. आधी पाण्याकडे धावा.

आता तुमच्या मुलीबद्दल. हे लिहिताना मी शिक्षिका नाही, ताई आहे.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, मतिमंद म्हणायचे तेव्हा. फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीचं संजय स्कूल हे सगळं पुढचं. तेव्हा त्याला शाळाच नव्हती, म्हणजे बाराही महिने सुट्टी. माझी सुट्टी लागली की तो माझ्या हाती यायचा, कारण आई अकरा महिने दमलेली असायची. मैत्रिणी काजूच्या भाटात हुंदडायच्या, मी त्याच्याशेजारी बसून तो बोंडूच्या बिया पिळून काढायचा ते बघत असे. मन लावून करायचा. सगळे म्हणायचे, "किती समजूतदार हो तुमची मुलगी." मला भावाचा राग नव्हता. मला आईचा राग होता, आणि तो मी कुणाजवळ बोलले नाही, कारण समजूतदार मुली असलं बोलत नाहीत.

एका मेमध्ये मावशी मला एकटीला आठ दिवस म्हापशाला घेऊन गेली. परत न्यायला आई आली, तीही एकटी. शुक्रवारचा बाजार होता. तिने मला बांगड्या घेतल्या. मग बसमध्ये तिने मला खिडकीजवळ बसवलं आणि घर येईपर्यंत भावाचा विषय काढला नाही. मी बोलत होते, ती ऐकत होती. साठी उलटली, पण त्या बसची खिडकी मला अजून आठवते. भावावर माझा जीव आहे, आज तो माझ्याजवळच राहतो. त्या प्रवासाचा त्यात मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

तुमची मुलगी माझ्यापेक्षा धीट आहे. ती बोलली. तिला "तू मोठी आहेस, समजून घे" असं उत्तर देऊ नका. "तू समजूतदार आहेस" असंही म्हणू नका, त्या शब्दाने तोंड बंद होतं. "तू म्हणतेस ते खरं आहे" एवढंच म्हणा. आणि मग आठवड्यातले दोन तास तिच्या नावावर करा. मुलाच्या त्या कागदावर त्या दिवसाच्या घरात तिचा आणि तुमचा फोटो चिकटवा, म्हणजे त्यालाही कळेल की तेव्हा आई ताईची. त्याच्यापाशी तेव्हा बाबा किंवा आजी. त्या दोन तासांत तिला त्याच्याबद्दल काही विचारू नका. त्याला सांभाळायला सांगायचं असेल तेव्हा आधी विचारा, आणि तिचं "नको" खरोखर ऐका. तिला शिबिराला किंवा मैत्रिणीकडे राहायला जायचं असेल तर जाऊ द्या. ती तुमची दुसरी आई नाही, तेरा वर्षांची मुलगी आहे.

मुंजीचं माझं मत स्पष्ट आहे. मुहूर्ताला त्याला नेऊ नका. बँड, गर्दी, डोक्यावर पडणाऱ्या अक्षता, ओळख नसताना गाल ओढणारी माणसं. त्यात तो कोसळणार आणि नातेवाईक तुमच्याकडे बघणार. आदल्या संध्याकाळी शक्य असेल तर तासाभरासाठी त्यांच्या घरी नेऊन आणा, भाच्याशेजारी बसू द्या, एक लाडू खाऊ द्या, आणि तो शांत असतानाच निघा. मुहूर्ताच्या दिवशी नवऱ्याला पाळी बदलून घ्यायला आतापासून सांगा, मुलाजवळ तो राहील. तुम्ही जा. चांगली साडी नेसून, मुलीला घेऊन जा, आणि पंगतीत सावकाश जेवा. "त्याला का नाही आणलं?" असं कुणी विचारलंच तर "त्याला गर्दी सोसत नाही, काल येऊन गेला" एवढं उत्तर पुरे. त्याहून जास्त खुलासा तुम्ही कुणालाही देणं लागत नाही.

सुट्टीत सरकारी कागद उरकून घ्या, शाळेच्या दिवसांत ते होत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे, त्यात स्वमग्नता आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर अर्ज करा. १९९९ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. कार्यालयात जाताना त्याला घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर आधी फोनवर वेळ विचारून घ्या.

आणखी एक घर शोधा. त्याच्याच शाळेतली एखादी आई. आठवड्यातून एक सकाळ दोन्ही मुलं तुमच्याकडे, एक सकाळ तिच्याकडे. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा मी पाहिलं, वर्षानुवर्षं मुलाला घराबाहेर न काढलेल्या बायका एकमेकींशी पहिल्या पाच मिनिटांत अशा बोलू लागल्या की जणू एकाच वाड्यावर वाढल्या होत्या. तुमच्या शाळेच्या बाईंना फोन केलात तर त्या एखादं नाव नक्की सुचवतील. त्यांनाच हेही विचारा की वर्गात त्या कुठली चित्रं वापरतात. तीच घरी लावा, नवी शोधू नका.

त्या मोकळ्या सकाळी घर आवरू नका. झोपा.

शाळा उघडायला दहा दिवस राहिले की झोपेची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे ओढायला लागा, दोन वाजताची दहावर एका रात्रीत येत नाही. गणवेश घालून बघा, नवीन घ्यावा लागला तर दोनदा धुऊन मऊ करा आणि मानेवरची पट्टी कापून टाका. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पावाची फेरी लांबवून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन आणा. आणि बालरथाच्या ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळी फोन करा. नवीन वर्षात गाडी बदलली असेल, मदतनीस बदलली असेल, थांबायची वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे झाली असेल, तर ते त्याला त्या सकाळी फाटकाशी कळता कामा नये. गाडी दुसरी असेल तर तिचा फोटो मागवा आणि कागदावरच्या शेवटच्या घरात तो चिकटवा.